कौतुक नको, वेळ हवा

आपल्या समाजात कौतुकाला कधी तोटा पडला नाही. मूल पहिले पाऊल टाकते, त्याचे कौतुक होते. मुलगी पहिली पोळी लाटते, ती आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली तरी तिचे कौतुक होते. आजोबा साठीनंतर संगणक शिकतात, त्यांचे तर वर्तमानपत्रात छायाचित्रच येते! कौतुक करायला पैसा पडत नाही, अंग हलवावे लागत नाही. दोन गोड शब्द बोलावेत आणि आपल्या वाटेला लागावे. वेळेचे मात्र तसे नाही. आपला एक तास दुसऱ्याला दिला की तो आपल्या खात्यातून कायमचा वजा होतो. म्हणूनच आपण कौतुक ओंजळीने देतो आणि वेळ चिमटीने.

हे तत्त्वज्ञान मला कुठल्या ग्रंथात सापडलेले नाही. ते आमच्या भिवंडीच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, गेल्या वर्षभरात मला कळले. आमच्या सूनबाईंना डॉक्टर व्हायचे आहे. वय वर्षे चौतीस, पदरी दोन मुले, आणि दहा वर्षे गोदामातली नोकरी.

आमच्या गावाची ओळख पूर्वी एकच होती, यंत्रमागांची. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना त्या खटखटीने झोप येत नसे, आणि आम्हाला ती बंद पडली की जाग येत असे. आता गावाभोवती मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. अशाच एका गोदामात आमची सून मालाचा हिशेब ठेवते. बी.एस्सी. झालेली, हाताने नेटकी, बोलायला थोडी. तिच्या हाताखाली माल बांधणाऱ्या तीसेक मुली आहेत. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या. कुणाला भोवळ आली, कुणाचे पोट दुखले, की त्या हिच्याकडे येतात. ‘ताई सायन्स शिकलेल्या आहेत’ एवढेच त्यांना ठाऊक.

त्यांतली एक मुलगी सातव्या महिन्यात होती. पाय सुजलेले, डोके सारखे ठणकणारे. सूनबाईंनी तिला खुर्चीवर बसवले, लिंबाचे सरबत दिले आणि लवकर घरी पाठवले. दुसरे कोण काय करणार? त्याच रात्री तिला झटके आले. नशीब बलवत्तर म्हणून इस्पितळात बाळबाळंतीण दोघेही वाचले. गरोदरपणात अशी सूज आणि अशी डोकेदुखी ही वाढलेल्या रक्तदाबाची खूण असू शकते, हे दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सूनबाईंना समजावून सांगितले. त्यानंतर आठ दिवस ती घरात गप्पच होती. नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता मला म्हणाली,

“आई, मला डॉक्टर व्हायचं आहे.”

मी म्हटले, “अगं, म्हणजे नक्की काय करायचं आहे?”

“खरंच व्हायचं आहे. सगळं शिकून. मी चौकशी केली आहे. वयाची अट आता राहिलेली नाही.”

तिने चौकशी पक्की केली होती. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ या परीक्षेला पूर्वी खुल्या गटाला २५ वर्षांची आणि राखीव गटांना ३० वर्षांची मर्यादा होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकली आणि मार्च २०२२ मध्ये तसे कळवले. सतरा वर्षे पूर्ण हवीत. वरची रेघ नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय हवेत, ते तिचे होतेच. मर्यादेचा प्रश्न न्यायालयात असताना २०२० साली ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने ही परीक्षा दिली आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळवला. त्याच्यापुढे आमची सून म्हणजे शाळकरी पोरच!

प्रामाणिकपणे सांगते, वाचक भगिनींनो, तिचे बोलणे ऐकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या दुपारचा. पस्तीस वर्षे शाळेत खडू झिजवून मी निवृत्त झाले. दुपारी जेवणानंतर तासभर पडावे, मग पुस्तक घ्यावे, गुरुवारी महिला मंडळात जावे, एवढाच माझा ऐषाराम. सून डॉक्टर होणार म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी दुपारी जाणार, आणि त्या कुणाच्या हे सांगायला ज्योतिषी नको. मला त्या विचाराची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्याच्या खिशातून खर्च व्हायचा, त्याने आधी खिसा चाचपावा हे बरे.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. दोन तऱ्हेची माणसे भेटू लागली. एक म्हणत, “या वयात? मुलांचं काय?” दुसरी म्हणत, “केवढी हो जिद्द! आणि काळजी कसली, आजी आहेतच की घरात!” पहिल्या वाक्याचा मला राग आला नाही. दुसऱ्या वाक्यातले ते ‘आजी आहेतच की’ मात्र टोचले. जणू आजी म्हणजे भिंतीतला नळ. फिरवला की पाणी!

‘या वयात’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणे सोपे आहे. मुंबईचे थोर डॉक्टर भाऊ दाजी लाड हे आधी शिक्षक होते. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकवत असत. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसला आणि १८५१ साली तिथल्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडला. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतही धंदा बदलून आलेला माणूस होता. ही काही आजकालची टूम नव्हे.

तिकडे युरोपात आल्बर्ट श्वाइट्झर हे धर्मशास्त्राचे अध्यापक आणि नामांकित ऑर्गनवादक. तिसाव्या वर्षी, १९०५ साली, त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. शिकवणे, प्रवचने, वादन हे सारे सांभाळून ते शिकत होते, आणि त्या वर्षांतल्या थकव्याबद्दल त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शेवटच्या परीक्षेची फी त्यांनी ऑर्गन वाजवून मिळालेल्या पैशांतून भरली. १९१३ साली ते आफ्रिकेत लांबारेनेला गेले. तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी हेलेन होत्या, आणि त्या या कामासाठी परिचर्येचे शिक्षण घेऊन तयार झालेल्या होत्या. श्वाइट्झरांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. हेलेनबाईंचे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकले आहे?

आणि मुलांचे म्हणाल, तर बंगालच्या डॉ. कादंबिनी गांगुली १८९३ साली पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला गेल्या, तेव्हा त्या लेकुरवाळ्या होत्या. मुले घरच्यांवर सोपवून त्या गेल्या आणि स्कॉटलंडमधून वैद्यकाच्या पदव्या घेऊन परतल्या. त्या पदव्यांवर कादंबिनीबाईंचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण मागे राहिलेल्या मुलांना रात्री कुणी थोपटले, कुणाच्या मांडीवर ती निजली, याची नोंद पदवीच्या कागदावर होत नसते.

हे सारे वाचताना एक नाव मला सारखे आठवत होते, आणि ते आमच्या फार जवळचे आहे. भिवंडीहून रिक्षात बसले की ज्या कल्याणला जाता येते, त्या कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर, हा सल तिच्या मनात राहिला. हीच आनंदीबाई जोशी. १८८३ साली ती बोटीने अमेरिकेला गेली आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या इस्पितळात तिची नेमणूक झाली. पण परदेशची थंडी, अपुरा आहार, अभ्यासाचा ताण आणि क्षय यांनी तिचे शरीर पोखरले होते. मायदेशी आल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी ती गेली. मायदेशात डॉक्टर म्हणून काम करणे तिच्या नशिबी आले नाही.

आनंदीबाईची गोष्ट आपण मुलींना सांगतो ती जिद्दीची गोष्ट म्हणून. शाळेत मीही तशीच सांगत असे, आणि तशी ती आहेच. गोपाळरावांनी तिला शिकण्याचा ध्यास दिला, तिच्या मागे लागून शिकवले. अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी तिला मायेने आपल्या घरी ठेवून घेतले. कौतुक तर दोन्ही देशांत अमाप झाले. पण या साऱ्यात त्या पोरीला विसावा किती मिळाला? तिच्या झोपेचे तास कुणी मोजले? सूनबाईंचा विचार करताना हा प्रश्न माझ्या डोक्यातून हलेना.

म्हणून एका रविवारी मी घरातल्या सगळ्यांना बसवले आणि जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे हिशेब मांडला. पैशांचा हिशेब आधी झाला. परीक्षेची तयारी नोकरी करून होईल. पुढचे शिक्षण नाही. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष अंतर्वासिता. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. रात्रशाळा नाही, टपालाने शिक्षण नाही. म्हणजे साडेचार वर्षे तिचा पगार बंद, आणि शेवटच्या वर्षी विद्यावेतन मिळेल तेवढेच. घराचे हप्ते मुलाच्या पगारातून जातील आणि खासगी महाविद्यालयाची फी आपल्याला झेपणारी नाही, तेव्हा सरकारी किंवा महापालिकेच्या महाविद्यालयात जागा मिळाली तरच पुढे जायचे, असे ठरले. ठाणे महापालिकेचे कळव्याचे महाविद्यालय १९९२ पासून आहे. तिथे जागा मिळाली तर घरून जाऊन येऊन शिकता येईल, ही तिची आशा.

मग वेळेचा हिशेब काढला, आणि तिथे सगळे गप्प झाले. नोकरीचे नऊ तास, जाण्यायेण्याचे दीड, स्वयंपाकाचे अडीच, मुलांचे दोन, धुणे-आवरणे-बाजार यांचे दोन. झाले सतरा तास. झोपेला सहा. उरला एक तास! त्या एका तासात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. जिद्दीने दिवसाचे तास पंचवीस होत नाहीत. तिला अभ्यासाला चार तास हवे होते. म्हणजे तीन तास दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसातून काढायला हवे होते.

मुलगा म्हणाला, “आई, तू आहेसच ना.”

मी म्हटले, “मी आहे. पण ‘आहेसच’ नाही. माझा वेळही या कागदावर मांड. मी देईन तो मोजून देईन, आणि तूही देशील.”

तो बघतच राहिला. सूनबाईंनी मान खाली घातली होती. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

शेवटी कागदावर सहा कलमे झाली. पहिले, सूनबाईंची सहा तासांची झोप परीक्षेच्या आदल्या रात्रीही कमी व्हायची नाही. हे आनंदीबाईला स्मरून. दुसरे, संध्याकाळी चार ते सात मुले माझ्याकडे. पण माझी दुपार आणि माझा गुरुवार यांना कुणी हात लावायचा नाही. तिसरे, सकाळचे डबे आणि रात्रीची भांडी मुलाकडे. चौथे, मुलांना शाळेत नेणे-आणणे आणि भाजी ही कामे आमच्या ‘ह्यां’च्याकडे. पाचवे, रविवारची संध्याकाळ सूनबाई पूर्ण मुलांची. पुस्तक उघडायचे नाही. सहावे, परीक्षा दोनदाच द्यायची. नियमाने कितीदाही देता येते. पण घराला कुठे तरी कुंपण हवे. दोनदा जमले नाही तर थांबायचे, आणि ‘एवढं करून काय मिळालं?’ असे जन्मात कुणी बोलायचे नाही.

सगळ्यांत अवघड कलम कुठले ठरले, सांगू? तिसरे. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या आठवड्यात केलेल्या पोळ्या पाहून नातू म्हणाला, “बाबा, आज भूगोल आहे का डब्यात?” पण दोन महिन्यांत पोळ्या गोल झाल्या. ‘हे’ चाळीस वर्षांत प्रथमच कोथिंबिरीची जुडी निवडून घ्यायला शिकले. आणि घरातले काम हे ‘मदत’ नसून काम असते, हे दोघांनाही कुणी न सांगता समजले.

२०२५ च्या मे महिन्यात तिने पहिली परीक्षा दिली. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण. देशभरातून सुमारे २२ लाख उमेदवार बसले होते आणि एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाहून थोड्या अधिक. सूनबाईंना ४१२ गुण मिळाले. सरकारी जागेला ते पुरेसे नव्हते. त्या संध्याकाळी ती गॅलरीत पाठ करून उभी होती. पाच वर्षांची नात तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “आई, तुझा गृहपाठ चुकला का? उद्या पुन्हा कर.” तेव्हा तिचा बांध फुटला. मी जवळ गेले नाही. आतून दोन कप चहा करून ठेवला. ती आली, चहा प्याली आणि म्हणाली, “रसायन चांगलं गेलं, आई. भौतिक कच्चं राहिलं.” शिक्षिकेच्या कानाला या वाक्यासारखे गोड वाक्य नाही. नापास होऊन रडणारी मुले मी शेकडो पाहिली. कुठे कच्चे राहिले हे सांगणारी थोडीच.

शेजारणी समाचाराला आल्या. “प्रयत्न केला हेच खूप,” म्हणाल्या. पुन्हा कौतुकच! त्यांतल्या एकीने मात्र जाता जाता विचारले, “शनिवारी दुपारी मुलांना माझ्याकडे पाठवू का? माझी नात असतेच खेळायला.” इतक्या जणींत तिने एकटीने आम्हाला काही दिले, असे मी मानते.

आता दुसरी आणि शेवटची परीक्षा येत्या मे महिन्यात आहे. काय होईल, मला माहीत नाही. जागा मिळाली तर तिची अंतर्वासिता संपेपर्यंत ती एक्केचाळीस ओलांडेल, नातू नववीत असेल आणि मी सत्तरीपुढे असेन. तेव्हा माझे गुडघे मला चार ते सात मुलांच्या मागे धावू देतील का, हाही हिशेबातला प्रश्न आहे, आणि तो मी तिच्यासमोर मांडला आहे. ती म्हणाली, “आई, तोवर मुलं तुमच्यामागे धावतील.” बघू या. नाही मिळाली जागा, तरी त्या तीस मुलींतल्या कुणाचे पाय सुजले तर आता ती सरबत देत बसणार नाही. रक्तदाब मोजायला थेट इस्पितळात नेईल. एवढे तर या अभ्यासाने आताच पदरात टाकले आहे.

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली आलेला नाही. चकल्या, कडबोळी, अनारसे सगळे महिला मंडळातल्या एका बाईंकडून विकत आणले. घरी केले फक्त बेसनाचे लाडू, तेही चिरंजीवांनी. फराळाचे तीन दिवस वाचले, ते सूनबाईंच्या भौतिकशास्त्राला दिले. ‘सुनेच्या हातचं काही नाही का?’ असे विचारणाऱ्या पाहुण्यांना मी सांगणार आहे, “आहे की. तिचा हात सध्या दुसऱ्या कामात गुंतला आहे.”

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्याही घरी अशी कुणी असेल. कुणाला चाळिशीत वकील व्हायचे असेल, कुणाला नर्स, कुणाला राहिलेली दहावी पुरी करायची असेल. तिला ‘शाब्बास’ म्हणा, जरूर म्हणा. पण म्हणून झाल्यावर लगेच खाली बसा, जुन्या दिनदर्शिकेचे एक पान उलटे करा आणि तिला विचारा, “कुठले दोन तास हवेत?” मग स्वतःच्या नावापुढे तेवढे आकडे लिहा. आणि हो, घरातल्या आजीच्या नावापुढे आकडा लिहिण्याआधी आजीला विचारा. ती बहुतेक ‘हो’च म्हणेल. पण विचारलेल्या आजीचा तास आणि गृहीत धरलेल्या आजीचा तास, यांत फार अंतर असते.